माफीचा व्हिडिओ

"आवाज नाही आला. पुन्हा म्हण."

असं म्हणून विक्कीने माझ्या कानफटात मारली आणि फोन परत माझ्या तोंडासमोर धरला. कृषी केंद्रासमोरच्या मुरमावर मी गुडघे टेकून बसले होते. दोन्ही हातांनी कान धरलेले. ओठ आतून दातावर फाटला होता. बोलायला तोंड उघडलं की रक्त हनुवटीवर यायचं आणि तो म्हणायचा, "पूस ते. व्हिडिओत घाण दिसते."

दुपार होती. बाजाराचा दिवस. त्यामुळे सगळं गाव तिथंच होतं. भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून माणसं उभी होती. बायका थोड्या मागे, पदर तोंडावर घेऊन. बऱ्याच जणांचे फोन वर धरलेले. मला वाचवायला पुढे आलेला एकही हात नव्हता, पण फोन धरलेले हात पुष्कळ होते.

विक्की नानासाहेबांचा मुलगा. कृषी केंद्र नानासाहेबांचं. नदीकाठची काळी जमीनही त्यांचीच. माझा दादा त्यांच्या जमिनीत रोजाने फवारणी करायचा. आठवड्यापूर्वी तो मेला होता. त्याचा जलदान विधी व्हायचा होता. घरी मांडव घालायची बोलणी चालू असताना विक्की आणि त्याचे दोस्त आले आणि मला केसांना धरून इथवर घेऊन आले. नाला ओलांडताना माझी एक चप्पल चिखलात राहिली.

पहिल्या वेळी मी मान खाली घालून माफी मागितली. ती त्याला पटली नाही. दुसऱ्या वेळी माझा आवाज फुटला नाही. मग तो दोस्ताला म्हणाला, "हे असं नाही जमत. मी म्हणतो अन् ती मागून म्हणन. लोकाईले समजलं पाहिजे कोन म्हणून घेऊन राह्यलं." आणि माझ्याकडे वळून, "शाळेत प्रतिज्ञा म्हणत होती ना? लय शिकलेली हायेस ना तू? तसं म्हण."

"मी सगळ्या गावाची माफी मागते."

"मी सगळ्या गावाची माफी मागते."

"मी ग्रुपवर जे लिहिलं ते खोटं हाय."

"मी ग्रुपवर जे लिहिलं ते खोटं आहे."

"हाय म्हण. पुण्याची होऊ नको."

लोक हसले. हसण्यात बायकांचेही आवाज होते.

"खोटं हाय."

"माझा भाऊ दारू पिऊन मेला."

मी गप्प बसले.

त्याने ते वाक्य पुन्हा म्हटलं. मग मारलं. मी एका कुशीवर पडले, त्यांनी उचलून परत गुडघ्यावर बसवलं. तेवढ्यात माझी माय धावत आली. अनवाणी, पदर सुटलेला. तिला मध्येच कोणीतरी मागून पकडलं. तो आमचा काका होता. माझ्या वडिलांचा चुलत भाऊ. नानासाहेबांकडे सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा. त्याने तिचे दोन्ही दंड मागे ओढून धरले आणि तिच्या कानात म्हणत राहिला, "वयनी, गप राहा. एवढं एक वाक्य म्हणन पोरगी, मंग निपटून जाईन."

विक्कीच्या दोस्ताने मायच्या पोटात लाथ घातली. काकाने धरलेलं असल्यामुळे तिला वाकताही आलं नाही. तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

मी म्हणाले, "माझा भाऊ दारू पिऊन मेला."

"जोरात."

मी जोरात म्हणाले.

दादा कधी पीतच नव्हता असं मी म्हणणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला प्यायचा. कुणाच्या लग्नात प्यायचा, नाचायचा आणि घरी येऊन मायच्या पायाशी झोपायचा. पण तो मेला त्या दिवशी तो पहाटे चहा-पोळी खाऊन पंप पाठीवर घेऊन गेला होता. वहिनीने त्याला दुपट्टा दिला होता तोंडाला बांधायला. तोंडाला बांधण्यासारखं आमच्याकडे तेवढंच होतं.

बीटी कपाशीचं बियाणं नानासाहेबांनीच गावाला विकलं. अळीचं नाव काढू नका, म्हणाले. मग गुलाबी अळी आली तेव्हा औषधही त्यांनीच विकलं. एकाने मरेना म्हणून दोन, दोनने मरेना म्हणून तीन, एकाच पंपात. त्यांच्या स्वतःच्या वावरात तर कधी कधी बाटलीवर नावाचा कागदही नसायचा. त्या साली कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. दादाला लिहायचा कंटाळा. तो मला आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. मी नांदुऱ्याला एका वाचनालयात काम करते, म्हणून तो मला मॅडम म्हणायचा. त्या दिवशी सकाळी त्याचा आवाज आला, "मॅडम, पऱ्हाटी लय वर गेली. खालून वर मारून राह्यलो. सगळं औषध मलेच. अळी वरून पाहून हासून राह्यली."

मी हसण्याचं चित्र पाठवलं आणि पुस्तकांवर शिक्के मारायला लागले.

दुपारी रफिकभाईंचा फोन आला. रफिकभाई आमच्या गावचे रिक्षावाले. दादा वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, पडलेला त्यांना रस्त्यावरून दिसला होता. त्यांनी वहिनीला बसवून त्याला थेट खामगावला नेलं. मी बसने पोहोचले तेव्हा त्याच्या तोंडातून फेस येत होता. लाळ थांबत नव्हती. बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. झटका आला की त्याचं सगळं अंग धनुष्यासारखं वर उचलायचं आणि खाटेवर आपटायचं. वहिनी त्याच्या पायांवर आडवी पडून त्याला दाबून धरत होती. डॉक्टरांनी इलाज सुरू केला होता. ते म्हणाले, "काय काय मिसळलं होतं ते कळलं तर बरं होईल. बाटली मिळेल का? निदान फोटो?"

मी नानासाहेबांना फोन केला. वाजत राहिला. मग मी गावाच्या ग्रुपवर लिहिलं. 'आपलं गाव आपली माणसं' असं त्या ग्रुपचं नाव. विक्की त्याचा ॲडमिन. सगळ्या घरांतलं कुणी ना कुणी त्यात आहे. मी त्यात कधीच काही लिहीत नव्हते. मी फक्त माझ्या स्टेटसला पुस्तकातल्या ओळी ठेवायचे आणि विक्कीची पोरं त्यावर लिहायची, मॅडमचा आज नवा धडा आला. त्या दिवशी मी पहिल्यांदा ग्रुपवर लिहिलं:

"दादाला खामगावला आणलं आहे. डॉक्टर विचारत आहेत कोणतं औषध फवारलं. नानासाहेबांच्या नदीकाठच्या वावरात बाटल्या पडल्या असतील. कृपया कोणीतरी जाऊन फोटो पाठवा. लवकर."

वाचलं गेलं. खुणा निळ्या झाल्या. मी फोन हातात धरून उभी होते. विक्की काहीतरी लिहितो आहे असं दिसलं. मग ते थांबलं. मग माझ्या मेसेजच्या खाली एक केक आला. नानासाहेबांच्या नातवाचा वाढदिवस होता. केकच्या खाली शुभेच्छांची रांग लागली. गुलाबाची फुलं, फुगे, जोडलेले हात. नाल्यापलीकडच्या आमच्या वस्तीतल्यांनीही शुभेच्छा दिल्या. माझा मेसेज वर सरकत सरकत दिसेनासा झाला.

रफिकभाई म्हणाले, "कुनाची वाट पाहून राह्यल्या, बाई? मी जातो." रिक्षा घेऊन ते परत गावी गेले. वावरात पोहोचून त्यांनी मला फोन केला आणि आधी दादा कसा आहे ते विचारलं. मग म्हणाले, "बाई, धुऱ्यावर ताजी राख हाये. गरम हाये अजून. बाटल्या जाळल्या. वास येऊन राह्यला."

माझा मेसेज कुणाच्या कामी आला ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दादा गेला. आम्ही त्याला घेऊन गावात शिरायच्या आत ग्रुपवर त्याचा फोटो पडला होता. खाली भावपूर्ण श्रद्धांजली. जोडलेले हात, फुलं, दिवे. आदल्या दिवशी केकखाली ज्यांनी फुगे पाठवले होते तीच माणसं. आणि त्या सगळ्यांत नानासाहेबांची ओळ: "चांगला पोरगा होता. दारूने घात केला. तरुणांनी बोध घ्यावा."

त्यावर अंगठे आले. पुष्कळ आले.

मी माणसांशी भांडणारी बाई नाही. लहानपणापासून मी कोपऱ्यात बसून वाचत आलेली. कोणी अंगावर आलं तर मी वाट सोडते. पण दादाला पुरून आल्यावर मायच्या शेजारी भिंतीला टेकून मी लिहायला बसले. खूप वेळ लागला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी एवढंच उरलं:

"माझा मेसेज तुम्ही सगळ्यांनी वाचला. एकाने वाचून बाटल्या जाळल्या. बाकीच्यांनी वाचून केक पाहिला. माझा भाऊ दारूने मेला नाही. तो नानासाहेबांच्या पऱ्हाटीत विष फवारताना मेला."

लगेच मला ग्रुपमधून काढण्यात आलं. पण तोवर वाचून झालं होतं. नानासाहेबांचं नाव घेतलं याचा लोकांना तितका राग आला नाही. त्यांच्याबद्दल लोक एरवीही कुजबुजतात. राग आला तो केकचा. गावाची बदनामी केली, म्हणाले. म्हणून मला मुरमावर बसवलं तेव्हा गाव मजेत उभं राहिलं.

व्हिडिओ ग्रुपवर टाकला गेला. मग तिथून निघून घरोघर गेला.

दुसऱ्या दिवशी मी हापशीवर पाण्याला गेले. दुकानाच्या ओट्यावर चार पोरं बसली होती. त्यांच्या फोनमधून माझा आवाज येत होता. "माझा भाऊ दारू पिऊन मेला." पुढच्या ओट्यावर एक म्हातारा कानाशी फोन लावून तेच ऐकत होता. देवळाजवळ बायका. त्यांच्यातल्या एकीचं पोर माझी नक्कल करत होतं, कान धरून, गुडघ्यावर. घरी आले तर वहिनी दाराशी बसलेली. तिच्याकडे फोन होता. कुणीतरी तिलाही पाठवला होता. तिने मला काही विचारलं नाही. फोनमधून माझ्याच आवाजात तिचा नवरा परत परत दारू पिऊन मरत होता.

"बंद कर ते," मी म्हणाले.

"मी बंद केलं त बाकी गाव बंद करन काय?" ती म्हणाली. मग फोन माझ्या हातात दिला. "तू पाह्य. नीट पाह्य. मले काही दिसून राह्यलं त्यात."

मला पाहवत नव्हतं. तिने हट्ट धरला म्हणून पाहिलं. पहिल्यांदा मी फक्त मला पाहत होते. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या चेहऱ्याच्या बाजूने येणारा हात दिसला. त्या हातातलं विक्कीचं चांदीचं कडं गावातलं शेंबडं पोरही ओळखतं. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून फक्त ऐकलं. आधी विक्कीचा आवाज. मग मार. मग माय. मग माझा आवाज. प्रत्येक वाक्य आधी तो म्हणतो. दारूचं वाक्य त्याच्या तोंडून किती वेळा येतं आणि माझ्या तोंडून ते कधी निघतं, हे कुणालाही ऐकू यावं इतकं स्वच्छ. त्याला आपला आवाज त्यात हवा होता. मालक कोण हे दिसायला हवं होतं. त्या नादात आपण काय नोंदवून ठेवलं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. गावात त्याच्याकडे आजवर कुणी बोट दाखवलेलंच नव्हतं.

मी तो व्हिडिओ माझ्या फेसबुकवर टाकला. काहीही न कापता. केस विस्कटलेले, नाकातून पाणी, हनुवटीवर रक्त. त्यावर लिहिलं:

"ही मी आहे. आवाज माझा आहे. शब्द विक्कीचे आहेत. माझा भाऊ पऱ्हाटीत फवारताना मेला."

माझ्याकडे तिथं पुस्तकं वाचणारी थोडी माणसं होती. मला वाटलं तीच पाहतील. पण तो हातोहात पसरत गेला. मोताळ्याकडून, मलकापूरकडून, पार अकोल्यापलीकडून माणसं यायला लागली. मी त्यांना ओळखत नव्हते. कुणाच्या फोटोच्या जागी गुलाबाचं फूल, कुणाच्या जागी बैलजोडी, कुणाच्या जागी बाबासाहेब. अशुद्ध, तुटक लिहिलेलं.

"माहा बाप. फवारतानी. त्याईनं साप चावला मनून सांगतलं."

"नवरा. उन लागलं मने."

"भाऊ वाचला पन डोये गेले. मालक मने पयलेच कमजोर होते."

काहींना लिहिता येत नव्हतं. त्यांनी नुसता मेलेल्या माणसाचा फोटो लावला. पंप पाठीवर घेतलेला, हसणारा, गळ्यात दुपट्टा घेतलेला. एकाखाली एक. मी एकेक वाचत गेले. आजवर मला वाटत होतं हे फक्त आमच्याच घरात घडलं.

आणि मग नानासाहेब आमच्याकडे आले. नाला ओलांडून ते वस्तीत आलेले मी पहिल्यांदा पाहिले. बरोबर काका. विक्की बाहेर गाडीवर. वहिनीने पाणी पुढे केलं. त्यांनी खिशातून स्वतःची पाण्याची बाटली काढली आणि तिच्यातले दोन घोट प्यायले.

"बाई," ते मला म्हणाले, "पोराचं रक्त गरम हाये. चुकलं त्याचं. तो व्हिडिओ तेवढा काढून टाक. त्यानं ग्रुपवरून काढला, पण तुह्याकडला निघून नाही राह्यला."

"का काढू?"

"ठाण्यातून फोन आला. पेपरवाले विचारून राह्यले. गावाचं नाव जाते." मग ते वहिनीकडे वळले. "तुले अंगणवाडीत मदतनीस म्हणून लावून देतो. शब्द देतो. सावलीत बसून काम. वावरात जायचं काम नाही."

काका लगेच म्हणाला, "सोन्यासारखं सांगून राह्यले नानासाहेब. हाव म्हण, सूनबाई."

माय पोट धरून भिंतीशी झोपली होती. वहिनीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला खरंच वाटलं ती हो म्हणेल. म्हणाली असती तर मी तिला बोल लावला नसता. पण ती म्हणाली, "नानासाहेब, बाटल्या कोनं जाळल्या?"

त्यांनी आपल्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"तेवढं सांगा. मंग अंगणवाडीचं बोलू."

नानासाहेब उठले. दारात थांबून मला म्हणाले, "नाही काढलं त?"

"नाही काढणार."

"विचार करून सांग."

"केला विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर मी बसची वाट पाहत होते. विक्की आणि त्याचे दोस्त गाडीवरून उतरले. त्याने माझा फोन हिसकावून रस्त्यावर आपटला, वरून दगड घातला. मग एकाने मला मागून धरलं.

"कोनत्या हातानं टाईप करतेस?" विक्कीने विचारलं.

त्याने उजवा हात ओढला, मैलाच्या दगडावर ठेवला आणि बुटाच्या टाचेने ठेचला. एकदा. मग तपासून पाहिल्यासारखं करून पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज मला आला. फाट्यावर चहाचं दुकान आहे. तिथं बसलेली माणसं कप हातात धरून पाहत होती. बस आली. थांबली. मी चढले नाही, मला चढता आलं नाही. बस निघून गेली.

फोन फुटला. पण व्हिडिओ काही त्या फोनात राहत नव्हता. रफिकभाईंनी मला आणि वहिनीला दवाखान्यात नेलं; तिथं प्लास्टर घालून घेताना वहिनीच्या फोनवर तो मी परत पाहिला. होता तसा होता. खाली आणखी फोटो आले होते.

दवाखान्यातून आम्ही सरळ ठाण्यात गेलो. मी, वहिनी आणि रिक्षा घेऊन रफिकभाई. जमादाराने माझा हात पाहिला. कागद पुढे सरकवला आणि मग माझा हात आठवून परत ओढून घेतला.

"तुम्ही सांगा, मी लिहितो," तो म्हणाला. "का आपसात मिटवून घेता? एकाच गावात राहायचं आहे तुम्हाला."

"लिहा," मी म्हणाले.

मी सांगत गेले. दादाचं नाव. वावर कुठलं, कुणाचं. धुऱ्यावरची राख. नानासाहेबांचं नाव. विक्कीचं नाव. मायला लाथ मारणाऱ्याचं नाव. फाट्यावर मला धरणाऱ्याचं नाव. वाक्यं छोटी ठेवली, म्हणजे नंतर कुणाला वळवता येऊ नयेत. मध्येच तो म्हणाला, "हळू सांगा." मी हळूच सांगत होते. माझ्या आयुष्यात इतकं सावकाश आणि इतकं स्पष्ट मी कधी बोलले नव्हते.

त्याने पेन खाली ठेवलं. "झालं?"

"नाही," मी म्हणाले. "हे मारणाऱ्यांचं झालं. आता उभे राहून पाहणाऱ्यांची नावं लिहा."

"ते सगळं गाव होईल."

"होऊ द्या."

"त्यांच्यातले तुमचे लोकही असतील, ताई. वस्तीतले. नात्यातले."

"आहेत," मी म्हणाले. "त्यांच्यापासून सुरू करू."

आणि मी काकाचं नाव सांगितलं.